क्षयाच्या बराकीत वाचलेली कोरियाची गोष्ट

आमच्या मराठीच्या सरांनी आग्रह केला म्हणून हे लिहायला बसलो आहे. मला नीट लिहिता येईल की नाही, ठाऊक नाही. ज्यांच्या छातीच्या फोटोत डाग निघाला आहे, त्यांना औषधाची माहिती डॉक्टर देतील. त्यातले मला फारसे कळत नाही. माझे चौदा महिने कसे गेले एवढेच मी सांगू शकतो. ते दिवस एका गोष्टीच्या आधाराने गेले. ती गोष्ट आपल्याकडची नव्हती. कोरियातल्या एका घराची होती. तो देश कुठे आहे हे आमच्यापैकी कुणाला सांगता आले नसते. तिकडे लढाई झाली होती एवढे पेपर वाचणाऱ्यांना माहीत होते. तरी आम्हा बावीस आजाऱ्यांना ती गोष्ट इतकी का आवडली, याचा मी अजून विचार करतो.

*

मी सोलापूरला इंटरच्या वर्गात होतो. दोन महिने खोकला होता. वसतिगृहाचे पाणी बाधले असेल असे समजून मी आल्याचा काढा घेत होतो. एका दुपारी लायब्ररीत वाचत असताना जोराची उबळ आली आणि पुस्तकाच्या पानावर लाल थेंब पडला. मी घाईने आधी पान पुसले. लायब्ररीचे पुस्तक खराब झाले, आता काय सांगायचे, हीच भीती मनात होती. मग हातातला रुमाल पाहिला.

डॉक्टरांनी फोटो खिडकीच्या उजेडात धरला. उजव्या बाजूला, वर, कापसाचा बोळा ठेवल्यासारखे दिसत होते. त्यांनी मला विचारले, "घरी शिकलेलं कोण आहे?"

"कुणी नाही. मीच."

"वडील?"

"शेती करतात. सही येते त्यांना."

"मग हे मी कुणाला सांगू?"

"मलाच सांगा," मी म्हणालो. "मी घरी सांगतो."

ते सांगत होते, आता चांगली इंजेक्शने निघाली आहेत, पूर्वीसारखे राहिले नाही, नियमाने उपचार घेतले तर माणूस बरा होतो. मला त्यातले 'वर्ष-दीड वर्ष' एवढेच ऐकू आले.

आमच्या गावाला, तेरला, जाणाऱ्या गाडीत मी सगळ्या वाटेने मनात वाक्ये जुळवत होतो. घरी पोचल्यावर म्हणालो, "छातीत सूज आहे. दवाखान्यात राहावं लागेल." आई देवाला हात जोडायला वळली. वडिलांनी, अण्णांनी, मात्र एकच विचारले, "रगत पडलं का?"

मी होकाराची मान हलवली. माझा एक चुलता मी लहान असताना शेतातल्या खोपीत वारला होता. त्याचे ताट-तांब्या नंतर विहिरीपलीकडे पुरले होते. अण्णा गोठ्यात जाऊन बसले. दिवे लागल्यावर आत आले आणि आईला म्हणाले, "वाशीला कळता कामा न्हाय."

वाशीला माझे मामा. त्यांची थोरली मुलगी सुमन हिचे नाव तिच्या बारशापासून माझ्याशी जोडलेले होते. आमच्याकडे मामाच्या मुलीवर भाच्याचा हक्कच मानतात. आदल्या वर्षी सुपारीही फुटली होती. लग्न येत्या वैशाखात धरले होते. सुमनशी मी कधी चार वाक्ये सरळ बोललो नव्हतो. पण वाशीला गेलो की हातपाय धुवायला पाणी तीच आणून ठेवायची.

सगळ्यांना सांगायचे ठरले ते असे. मी सोलापुरातच आहे, अभ्यास फार आहे, म्हणून येणे होत नाही. आणि मला धाराशिवला सरकारी दवाखान्याच्या मागच्या बराकीत ठेवले.

*

बराकीचा दिवस घंटेवर चाले. सकाळी थर्मामीटर, मग इंजेक्शन, मग पुड्या. त्या पुड्यांची चव कुणाला सांगून कळणार नाही. पोटात गेल्या की ढवळून येई. मला ताकाबरोबर त्या जरा सोसत. ज्याला जे सोसेल ते त्याने सिस्टरांना विचारून शोधावे, पण पुडी टाकू नये. आमच्यातले काही जण ती खिडकीबाहेर टाकत. खिडकीखाली पांढरा थर साचला तेव्हा सिस्टर म्हणाल्या, "त्या मातीचा क्षय बरा झाला बघा. तुमचा कधी व्हायचा?"

जेवणानंतर दोन तास पडून राहायचे. बोलायचे नाही, वाचायचे नाही, कुशीवर वळायचे तेही सावकाश. चार वाजता पुन्हा थर्मामीटर. पारा किती चढला हे सिस्टर सांगत नसत, पण तक्ता पायाशी टांगलेला असे आणि मला वाचता येई. म्हणून सगळे मला विचारत. कुणाचे वाढले असले तर मी "कालच्याएवढंच" म्हणायचो. खोटे बोलण्याची सवय मला तिथे फार लवकर लागली.

माझ्या डाव्या खाटेवर नागप्पा होता. आळंदच्या वाटेवरच्या, सरहद्दीकडच्या एका गावचा. निम्मे मराठी, निम्मे कानडी बोलायचा. पूर्वी बैलबाजारात दलाली करायचा. उजव्या खाटेवर मुनीरचाचा. ते नळदुर्गचे. निजामाच्या अमदानीत तहसील कचेरीत लिहिण्याच्या कामावर होते. राज्य बदलले, कचेरीचे कागद मराठीत झाले, तेव्हा ते पेन्शन घेऊन घरी बसले. त्यांचा आजार गळ्यात उतरला होता. डॉक्टरांनी त्यांना एक शब्दही बोलायची मनाई केली होती. उशाला पाटी असे. जे सांगायचे ते पाटीवर.

त्यांचा मुलगा दर महिन्याला हैद्राबादचे एक उर्दू मासिक आणून देई. एके दिवशी ते मासिक माझ्या हातात देऊन त्यांनी पाटीवर लिहिले, 'पढ़ सकता है?'

मी चौथीपर्यंत उर्दू शाळेत शिकलो. पुढे विलीनीकरण झाले आणि मराठी आली. अक्षरे अडखळत लागत होती. मी मान डोलावली. त्यांनी एका पानावर बोट ठेवले आणि बराकीकडे हात फिरवला. सगळ्यांना वाचून दाखव, असे.

*

गोष्ट क्रमशः येत होती. लिहिणारा हैद्राबादचाच कुणी होता. लढाईच्या वेळी आपल्या फौजेच्या दवाखान्याबरोबर तो कोरियात गेला होता, आणि तिथे एका म्हातारीकडून ऐकलेले घरचे वृत्त आपण लिहीत आहोत, असे पहिल्या भागावर छापले होते. मी उर्दू वाक्य मनात वाचायचो आणि मराठीत बोलायचो. माणसांची नावे कुणाच्या तोंडात बसेनात. मग त्या घरातला मोठा मुलगा 'थोरला' झाला, त्याची आई 'मोठ्या बाई' झाली, आणि नदीपलीकडच्या गावातली ठरलेली मुलगी लग्नाआधीच 'सूनबाई' झाली.

पहिल्या दिवशी कुणी नीट ऐकत नव्हते. मग मी वाचले की त्या देशात घरात जाताना पायरीशी जोडे काढतात, जमिनीवर बसून जेवतात, वडिलांसमोर मुलगा दारूचा पेला घ्यायचा तर तोंड बाजूला फिरवून पितो, आणि मोठ्याच्या हातात काही द्यायचे तर दोन्ही हातांनी देतो. मोठे रांजण भरून लोणचे घालतात आणि त्या दिवशी सगळ्या आळीतल्या बायका एका अंगणात जमतात.

"आरं, ही तर आपलीच मानसं की," नागप्पा म्हणाला. "मला वाटलं साहेबासारखी मेजावर जेवत आसतील."

पण पुढे असे आले की त्या देशात एका कुळातली सोयरीक चालत नाही. मी खाली दिलेली टीपही वाचली, की नात्यातलीही मुलगी करत नाहीत, मामाचीसुद्धा नाही. बराकीत खळबळ उडाली.

"मामाची पोरगी करत न्हाईत?"

"नाहीत."

"यप्पा! मग मामा कशाला आसतो तिकडं?"

सगळे हसले. मीही हसलो, पण तक्त्यावर त्या संध्याकाळी माझाच पारा वर होता.

*

दुसऱ्या भागात फारसे काही घडत नाही. थोरला वडिलांबरोबर सूनबाईच्या घरी जातो. वडीलधारे बोलत बसतात. ती एकदा आत डोकावते. निघताना थोरला पायरीशी येतो आणि पाहतो तर त्याचे जोडे कुणीतरी वळवून ठेवले आहेत. आत शिरताना काढलेले जोडे आता बाहेरच्या दिशेने तोंड करून, पाय घालायला सोपे जावे असे. तो मागे वळून पाहत नाही. जोडे घालतो आणि जातो. भाग संपतो.

मी मासिक मिटले. मग नागप्पा म्हणाला, "एवढंच?"

"एवढंच."

"पुन्यांदा वाच."

त्या महिन्यात तो भाग मी चार वेळा वाचला. दर वेळी जोड्यांपाशी आलो की माणसे कोपरावर उठून ऐकायची. आमच्या बराकीच्या मधोमध बांबूचा तट्टा लावून पलीकडे बायकांची बाजू केली होती. तिथल्या काशीबाई, कळंबकडच्या, तट्ट्याला पाठ लावून ऐकत. त्या एकदा पलीकडून म्हणाल्या, "जरा मोठ्यानं वाच बाबा. जोडं वळवलं तिथं तुजा आवाज बारीक हुतोय."

मला तेव्हा वाटले, या गोष्टीची ओढ कशात आहे? पकडापकडी नाही, राजा-राणी नाही, कुणी कुणाला 'तू मला आवडतेस' म्हणत नाही. पण आमच्यापैकी कुणाच्या घरी तरी असे कधी कोण म्हणते? आमची आई दर रविवारी तेरहून येई, शेजाऱ्यांना 'तुळजापूरला नवस हाय' असे सांगून. अंडी, भाकरी आणि घट्ट दह्याचे गाडगे खाटेखाली ठेवून ती दाराजवळ बसून राही. "बरं हाय का?" "बरं आहे." त्यापलीकडे आमचे बोलणे होत नसे. जाताना ती माझी चादर पायाकडून सारखी करी आणि जाई. कोरियातल्या त्या पायरीवर मला माझी आई दिसत होती. दुसऱ्या कुणाला आणखी कुणी दिसत असेल.

आणखी एक. आम्हाला रडायची मनाई होती. रडले की खोकला येतो, ताप चढतो. स्वतःच्या नावाने रडलो तर शेजारचा घाबरे. पण थोरल्याची धाकटी बहीण सासरी गेली तेव्हा सगळ्या खाटांवर माणसे नाक ओढत होती आणि सिस्टर कुणालाच रागावल्या नाहीत. इतक्या लांबच्या माणसांसाठी रडायची लाज वाटत नव्हती.

आणि महिना. डॉक्टर दीड वर्ष म्हणत, त्याचे ओझे होई. गोष्ट महिन्याने येई. महिनाभर तग धरणे जमण्यासारखे होते.

*

चौथा भाग माघात आला. मी वाचत होतो. थोरला शहरात शिकायला गेला आहे. हिवाळा आहे. तो परत येतो तेव्हा वाळलेला दिसतो. मोठ्या बाई त्याचे कपडे धुवायला घेतात आणि त्यात एक रुमाल निघतो. पुढचे उर्दू वाक्य मी मनात वाचले आणि थांबलो. रुमालावर रक्त होते. बाईंनी तो कुणाला न दाखवता ओढ्यावर नेऊन धुतला आणि घरात सांगितले की नदीपलीकडच्या घराला हे कळू द्यायचे नाही.

माझ्या तोंडून मराठी आले ते असे, "रुमाल घामानं भिजलेला होता. थोरल्याला हिवताप झाला होता."

मी पुढे रेटून वाचू लागलो. उजव्या बाजूने पाटीवर जोराने ठकठक झाली. मुनीरचाचा उठून बसले होते. ते प्रत्येक भाग माझ्या आधी वाचत, हे मी विसरलो होतो. पाटीवर लिहिले होते, 'किससे छुपाता है बेटा?'

त्यांनी ते पुसून परत लिहिले, 'जो लिखा है वो पढ़.'

"काय म्हंत्यात चाचा?" नागप्पाने विचारले. "चुकलं का तुजं?"

"चुकलं," मी म्हणालो. "हिवताप नाही. रुमालावर रक्त होतं. त्याला आपलाच आजार आहे."

मला वाटले आता कुणीतरी मासिक हिसकावून घेईल. इतके दिवस ज्या घरात जाऊन बसत होतो, तिथेही हेच निघाले. मग नागप्पाने कपाळावर हात मारला आणि ओरडला, "आरं तिच्या! आपलाच गडी निघाला की रं!"

हसण्याचा आणि खोकण्याचा एकच गलका झाला. सिस्टर धावत आल्या. त्या गेल्यावर सगळे थोरल्याला उपाय सांगू लागले. एक म्हणाला, त्याला कच्ची अंडी द्या. दुसरा म्हणाला, पुडी टाकू नकोस म्हणावं भाड्या, माझ्यासारखं. "थंडीचा मुलूख हाय, उन्हात बसव म्हणावं त्याला." नव्याने दाखल झालेला एक मास्तर, जो पंधरा दिवस भिंतीकडे तोंड करून पडलेला होता, तोही वळून विचारू लागला, "कोणत्या बाजूचं फुप्फुस लिहिलंय?"

मी वाक्य बदलले ते त्यांना जपण्यासाठी, अशी माझी समजूत होती. खरे म्हणजे मी स्वतःला जपत होतो. वैशाख तीन महिन्यांवर आला होता.

*

पुढचा भाग येईपर्यंत बराकीत दोन तट पडले. नदीपलीकडच्या घराला सांगावे की न सांगावे?

"सांगू ने," नागप्पाचे मत. "बैलाची खोड इकनारा सांगतो व्हय? सांगितलं की संपलं. लगीन हुंद्या, मंग बरा हुतोय त्यो."

"आणि नाही झाला तर?" मास्तर म्हणाले.

"आरं, गोष्टीतला हाय त्यो. गोष्टीतला बरा हुतो."

तेव्हा तट्ट्यापलीकडून काशीबाई बोलल्या. त्यांचा आवाज नेहमी खणखणीत असे, त्या दिवशी तसा नव्हता.

"तिला इचारा की. नांदायचं तिला हाय."

नागप्पा म्हणाला, "बाय, तिला इचारून कुनी लगीन करतं का?"

"न्हाय करत. माझंबी तसंच झालं. माझ्या मालकाला लग्नाआदीच हुतं हे. सासूला ठावं, सासऱ्याला ठावं, हळद लावनाऱ्या बायकांनाबी ठावं. मला चौथ्या दिशी रुमाल धुताना कळलं. दोन साल त्येंचं केलं. त्ये गेलं, आन् म्या हितं हाय." त्यांनी खोकला आवरला. "सांगितलं आस्तं तर म्या न्हाईच म्हनले नसते कदाचित. पर मला कुनी इचारलं आस्तं."

नागप्पाने चादर डोक्यावरून घेतली.

मी त्या रविवारी आईला म्हणालो, "मामांना सांगू."

तिने दह्याचे गाडगे खाली ठेवले. "काय सांगू?"

"मी इथं आहे ते."

"तुला बरं वाटतंय न्हवं? डाक्टर म्हनतो बरं हुतंय."

"होतंय. पण अजून वर्ष आहे. सुमनला—"

"दत्तू, त्यो माजा एकलाच भाऊ हाय. पाच म्हैने म्या त्येच्याशी खोटं बोलले. आता तू त्येला खरं सांगून माझा माहेरचा उंबरा बंद करतूस व्हय?"

ती त्या दिवशी चादर सारखी न करता गेली.

मामांना वाचता येत नव्हते. पत्र पाठवले तर वाशीत दुसरा कुणी वाचणार आणि गावभर होणार. म्हणून आजाराचे नाव न घेता मी दोन ओळींचे कार्ड लिहिले. 'बाजाराला धाराशिवला आलात तर मला भेटावे. मी सरकारी दवाखान्याच्या मागच्या बराकीत आहे.' ज्याला समजायचे त्याला पत्त्यावरूनच समजले असते. ते कार्ड मी चार दिवस उशीखाली ठेवले. पाचव्या दिवशी मुनीरचाचांचा मुलगा आला, तेव्हा चाचांनी माझ्या उशीकडे बोट केले आणि मग दाराकडे. मी कार्ड टपालात टाकायला त्याच्या हाती दिले.

*

मामा आठ दिवसांनी आले. पटका, खांद्यावर घोंगडे, हातात रिकामी पिशवी. दाराच्या जाळीबाहेर उभे राहिले. मी उठून जाळीपाशी गेलो आणि खोकला येऊ नये म्हणून तोंडावर पदरासारखे उपरणे धरले.

"किती दिस झाले?" त्यांनी विचारले.

"पाच महिने."

"आक्काला ठावं हाय?"

मी मान खाली घातली. ते समजले. माझ्या आजारापेक्षा त्यांना तेच जास्त लागले असावे. त्यांनी जाळीची तार बोटाने धरली.

"दिवाळीला भाऊबीजेला आली हुती. ओवाळताना म्हनली, दत्तू लई अभ्यास करतोय."

"मामा, तिचा दोष नाही. मला—"

"तुला कुनी सांगितलं कार्ड लिवायला?"

"कुणी नाही."

त्यांनी बराकीत पाहिले. एवढ्या माणसांनी श्वास धरला होता. नागप्पासुद्धा.

"दत्तू, पोरगी देनार न्हाय मी," मामा म्हणाले. "सुपारी मोडली आस समज. बाप हाय मी तिचा."

"व्हय मामा," मी म्हणालो. इतक्या दिवसांनी माझ्या तोंडी घरची बोली आली.

ते वळले आणि गेले. पिशवी रिकामीच होती. मी खाटेवर येऊन पडलो. मला वाटले होते की खरे सांगितल्यावर हलके वाटेल. तसे काही झाले नाही. सगळ्या अंगातून काहीतरी काढून घेतल्यासारखे झाले. चार वाजता थर्मामीटर लागला तेव्हा ताप होता. मुनीरचाचांनी पाटी घेतली, बराच वेळ खडू धरून बसले आणि काही न लिहिता ठेवून दिली. अशा वेळी बोलायची मनाई असलेला माणूस शेजारी असावा.

पुढच्या रविवारी आई आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. अण्णा येत. अंडी ठेवत, आणि जात.

*

नागप्पा फाल्गुन संपताना गेला. त्याच्या आधी दोन दिवस त्याने मला विचारले, "सूनबाईला कळतं का रं?" मला माहीत नव्हते. मी म्हणालो, "कळतं." "आन् येती का?" "येते." तो म्हणाला, "म्या म्हनलं न्हवतं? गोष्टीतला हाय." त्याच्या खाटेवरची गादी उन्हात टाकली तेव्हा मी दिवसभर दुसऱ्या बाजूला तोंड करून होतो.

फाल्गुनात अंक निघालाच नाही, शेवटचा भाग चैत्रात आला. मला आधी वाचायची हिंमत होईना, मी तसाच मोठ्याने वाचत गेलो. थोरला स्वतः नदी ओलांडून त्या घरी जातो. अंगणात उभा राहून, आत न जाता, सूनबाईच्या वडिलांना सांगतो. ते दार लावून घेतात. हिवाळा संपतो. एका सकाळी मोठ्या बाई दार उघडतात तर पायरीशी बायकी जोड्यांचा एक जोड काढून ठेवलेला असतो. ती आलेली असते.

बराकीत किती आनंद झाला! मास्तरांनी टाळी वाजवली. माझे डोळे भरून आले होते, आणि खरे सांगायचे तर मला रागही आला होता. तो त्या लिहिणाऱ्याचा आला होता.

तट्ट्यापलीकडे काशीबाई म्हणाल्या, "ग्वाड झालं. पर दत्तू, गोष्टीत येती ती. खऱ्यात कुनी यावं म्हनून वाट बगू ने."

"मी बघत नाही," मी म्हणालो.

"बगत हुतास. आता नको बगू. पुडी घे."

मला वाटते, अशा गोष्टींची गोडी यातच आहे. आपल्या घरी जे मनातच राहते, कुणी कुणाकडे मागत नाही, ते तिथे कुणीतरी आपणहून करते. कुणी जोडे वळवून ठेवते, कुणी येऊन पायरीशी उभे राहते. ते पाहून आपले घर खोटे वाटत नाही. उलट, आपल्याही माणसांच्या मनात हे असेलच, फक्त हात पुढे येत नाही, असे वाटू लागते. आजाऱ्याला असे वाटणे फार उपयोगी पडते. पण सुमन आली नाही याचे मला वाईट वाटायचे थांबले ते काशीबाईंमुळे. तिने यायला नकोच होते.

*

त्यानंतर सात महिन्यांनी माझ्या थुंकीत जंतू सापडेनासे झाले. मार्गशीर्षात मला घरी सोडले. मुनीरचाचांना त्याआधीच नळदुर्गला नेले होते. जाताना त्यांनी डॉक्टरांच्या समोर, मनाई मोडून, घोगऱ्या आवाजात माझे नाव घेतले होते. तो आवाज मी तेवढाच एकदा ऐकला. काशीबाई अजून तिथेच आहेत. मी धाराशिवला गेलो की तट्ट्याअलीकडून हाक मारतो.

आई माझ्याशी बोलू लागली होती, पण वाशीचे नाव घरात निघत नसे. पौष गेला, माघ गेला. मग एका सकाळी मामा आमच्या दारात आले. सुमनचे लग्न ठरले होते, मुलगा परांड्याकडचा, मास्तर. अक्षत द्यायला ते स्वतः आले होते. आई चुलीपुढून उठली आणि उंबऱ्यातच थबकली. मामांनी तिच्याकडे न पाहता अक्षत तिच्या पदरात टाकली आणि म्हणाले, "आक्का, पोरीला हळद कोन लावनार? चार दिस आदी ये." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तूबी ये."

मी जाणार नव्हतो. आईने मला नेले.

लग्न दुपारचे लागले. मांडवात पहिली पंगत बसू लागली. मी बरा झालो होतो, डॉक्टरांचा कागद माझ्या खिशात होता, पण पंगतीत बसायला कागद दाखवता येत नाही. मी एका टोकाला पत्रावळीपुढे बसलो. लोक येत होते. माझ्या शेजारच्या पत्रावळीपाशी आले की कुणाला तरी हाक मारत आणि पुढे जात. दोघे गेले. मग तिसरा गेला. पंगत भरली आणि माझ्या शेजारची जागा तशीच राहिली. आई वाढायच्या बायकांत भाताचे घमेले घेऊन उभी होती. तिने ते पाहिले. मी पत्रावळीकडे पाहू लागलो. उठून जावे की बसावे, मला कळेना.

आमच्याकडे मुलीचा बाप सगळ्यात शेवटी जेवतो. पाहुणे, वऱ्हाडी, वाजंत्री, सगळे उठल्यावर. तोवर तो मांडवात हात जोडून फिरत असतो. मामा तसेच फिरत होते. फिरत फिरत ते माझ्यापाशी आले, पटका काढून मांडीवर ठेवला आणि शेजारच्या रिकाम्या पत्रावळीपुढे बसले.

वऱ्हाडातले एक म्हातारे म्हणाले, "आवो, हे काय? पोरीचा बाप पयल्या पंगतीला?"

"भूक लागलीया," मामा म्हणाले. "आक्का, वाढ."